शेऱ्याचा रकाना

रसीलाचं पत्र पौषात आलं होतं. निळं आंतर्देशीय, कडा खळीने चिकटवलेल्या. मी ते दारातच उभ्या उभ्या वाचलं, घडी घातली आणि कपाटातल्या जाड वनस्पतिकोशात, वडाच्या पानावर, ठेवून दिलं. उत्तर द्यायला मला चैत्र उजाडला. मधल्या काळात पत्र त्याच पानावर होतं. मी मात्र एका जागी राहिलो नाही.

पत्रात मोजकंच होतं. ‘पूज्य ओझाकाका, मी रसीला, मोहनभाई घड्याळवाल्यांची. लहानपणी वाचनालयात यायची ती. अडीच वर्षांपूर्वी मामलतदार कचेरीच्या पडवीत माझ्या फारकतीचा कागद तुम्ही टाइप केलात. एवढंच विचारायचं आहे की, त्या दिवशी माझा उजवा हात तुम्ही पाहिला होता का? पाहिला असेल तर कोर्टात सांगाल का? वैशाखात माझ्या हेत्वीला सातवं वर्ष पूर्ण होतं. त्या कागदाप्रमाणे मग तिला कौशिककडे द्यायची आहे.’ खाली सही. सहीखाली एक आडवी रेघ, जी ती आठवीत असल्यापासून ओढते.

प्रश्न एकच होता आणि त्याचं उत्तर मला ठाऊक होतं. हात मी पाहिला होता.

चाळीस वर्षं मी त्या पडवीत बसलो. जमिनीचे, घरांचे, वाटण्यांचे कागद लिहिले, आणि फारकतीचेही. आमच्या सोरठात पुष्कळ ज्ञातींमध्ये नवराबायकोचं फाटलं की पंच बसतात, दोन्हीकडचे चार-चार लोक येतात, स्टॅम्पपेपर घेतात, आणि कोर्टाची पायरी न चढता कागदावर सुटका होते. कागद लिहिणारा मी. संध्याकाळी दोन तास वाचनालय उघडायचो, बिनपगारी. मला खरं तर तेवढंच काम करायचं होतं. पण वाचनालयावर घर चालत नाही, आणि माणसांशी बोलण्यापेक्षा त्यांचं बोलणं लिहून घेणं मला सोपं जायचं.

रसीलाच्या फारकतीच्या दिवशी माझ्या टेबलाभोवती आठ-नऊ माणसं होती. मजकूर वशरामभाई सांगत होते. ते रसीलाच्या ज्ञातीचे मुखी, म्हणजे प्रमुख. धिप्पाड, पांढरं स्वच्छ धोतर, आवाज मऊ. ज्ञातीतल्या मुलींसाठी वसतिगृह त्यांनीच उभं केलं. रसीला मागे भिंतीला टेकून उभी होती, ओढणी नाकापर्यंत ओढलेली. तिला मी ओळखलंही नसतं. तिने विचारलं, “काका, पाणी मिळेल?” आणि आवाजावरून ओळखली. तांब्या तिने डाव्या हाताने घेतला. उजव्या हाताला बांबूच्या पट्ट्या आणि हळदीचं फडकं होतं. दवाखान्याचं काम नव्हे ते, हाडवैद्याचं. बाहेर राहिलेली दोन बोटं वांग्याच्या रंगाची झाली होती.

“सही करणार ना?” मी विचारलं. कुणाला विचारलं ते माझं मलाच स्पष्ट नव्हतं.

“अंगठा लिहा, ओझाकाका,” वशरामभाई म्हणाले. “हाताला लागलंय तिच्या. ओट्यावरून पडली.”

कौशिक, तिचा नवरा, पडवीच्या कडेला स्कूटरची किल्ली बोटाभोवती फिरवत उभा होता. त्याने वर पाहिलं नाही.

अंगठा म्हटलं की पुढची ओळ माझ्या बोटांना पाठ होती. ‘लिहिता-वाचता येत नसल्याने मजकूर वाचून दाखविला, समजला, राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाशिवाय कबूल केला.’ बोटांनी ती टाइप केली. कागद यंत्रातून ओढून काढला तेव्हा मला ती ओळ दिसली. या मुलीला मी सात वर्षांत दोनशेच्या वर पुस्तकं दिली होती. ती वर्तमानपत्राचं कव्हर घालून परत आणायची, आणि कुठलं पान आधीपासून फाटलेलं होतं ते सांगायची.

ती माझ्या खांद्यामागे येऊन उभी होती. कागद वाचत होती. आपल्याला वाचता येत नाही, हे तिने वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि डावा अंगठा पुढे केला.

मी नवा कागद घालू शकलो असतो. त्यासाठी नवा स्टॅम्प लागला असता, आणि वशरामभाई म्हणत होते, साडेतीनची बस आहे. मी तिच्या अंगठ्याला शाई लावली. नंतर सगळ्यांनी चहा घेतला.

आणखी एक काम मी केलं होतं असं मला वाटत होतं. प्रत्येक कागदाची नोंद मी माझ्या स्वतःच्या वहीत ठेवायचो. तारीख, नावं, पक्षकारांची सही किंवा अंगठा, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. त्या रकान्यात मी कधी कधी पेन्सिलीने काही लिहायचो. त्या दिवशीही लिहिलं होतं, असं वाटायचं. पण मला पुष्कळ गोष्टी केल्यासारख्या वाटतात, ज्या मी फक्त मनात केलेल्या असतात. वह्या घरी माळ्यावर बांधून ठेवल्या होत्या. शेरा असेल तर मला कोर्टात जावं लागणार होतं. नसेल तर मी कोण होतो ते मला कळणार होतं. म्हणून मी माळ्यावर चढलो नाही.

रसीलाने कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली अर्ज केला होता. पहिली तारीख माघात होती. मी गेलो, म्हणजे कोर्टासमोरच्या रणछोडच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसलो. तिथे स्टॅम्पवाले बचूभाई रोजच्यासारखे बसले होते. त्यांना तालुक्यातलं प्रत्येक प्रकरण ठाऊक असतं.

“ओझा, तुम्ही इकडे? वाचनालयाला वाळवी लागली की काय?”

“सहज आलो.”

“सहज तर तुम्ही कधी शिंकलाही नाहीत.” त्यांनी रकाबीत चहा ओतला. “ती मोहन घड्याळवाल्याची पोर आहे आज. कौशिकवर केस टाकलीय.”

“फारकत झाली ना त्यांची?” रणछोडने विचारलं. “मग आता कसला छळ? तो नवराच राहिला नाही.”

“तसं नसतं, भल्या माणसा. एका छपराखाली राहत होते ना? मग तेव्हाचा मारही धरतात. आणि आता हा गडी मोटी वावडीला तिच्या भावाच्या दारात जाऊन काचा फोडतो, ते काय आरती ओवाळतो? तिने मागितलंय की त्याने घराजवळ फिरकू नये, आणि पोरगी तिच्याकडे राहावी.”

“मग मिळेल की.”

“मिळेल की.” बचूभाईंनी त्याची नक्कल केली. “कौशिकच्या वकिलाने फारकत काढली ना बाहेर. त्यात लिहिलंय की मारझोडीची काही तक्रार नाही, पोरगी सातव्या वर्षी बापाची, सगळं राजीखुशीने. ती म्हणते हात मोडून अंगठा घेतला. वकील विचारतो, दवाखान्याचा कागद कुठाय? नाही. हाडवैद्य गेला मरून. साक्षीदार सगळे ज्ञातीचे. आता काय बोलणार?” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “कागद तर तुमच्याच हातचा ना, ओझा? काय सुरेख टाइप. एक खाडाखोड नाही.”

मी चहा अर्धा टाकून उठलो. त्या दिवशी मी गावाला दोन फेऱ्या मारल्या. नदीपर्यंत गेलो, पुलावरून परत आलो, वाचनालय वेळेआधी उघडलं आणि कुणी यायच्या आत बंद केलं.

फाल्गुनातल्या तारखेला मी पुन्हा टपरीवर होतो. पुढची तारीख पडली, असं कळलं. उठणार, तेवढ्यात वशरामभाई समोर येऊन बसले. त्यांच्या हातात गरम गाठियांचा पुडा होता. तो त्यांनी आमच्या दोघांच्या मध्ये उलगडून ठेवला.

“घ्या काका. दात आहेत ना अजून?”

“आहेत थोडे.”

“आमच्या लोकांचे किती कागद लिहिलेत तुम्ही?”

“मोजले नाहीत.”

“एकही आजवर कोर्टात पडला नाही. तुमच्या हाताला यश आहे.” त्यांनी तळलेली मिरची माझ्याकडे सरकवली. “उद्या एक पडला, की बाकीच्यांना पाय फुटतील. त्यातल्या कितीजणींची दुसरी लग्नं झालीत, पोरं झालीत. तीही घरं पुन्हा उघडायची का?”

मी मिरचीचं देठ मोडलं.

“तुम्हाला कुणी बोलावणार नाही. बोलावलंच, तर जे झालं ते सांगा. वाचून दाखवला, ती हो म्हणाली. खोटं आहे का त्यात?”

“ती हो म्हणाली नव्हती.”

“मान हलवली ना?”

“मान… हलवली.”

“मग झालं तर.” ते हसले. त्यांचं हसू चांगलं आहे, हेच अवघड आहे. “कौशिक तापट आहे, मी नाही म्हणत नाही. मी स्वतः त्याला दोन थोबाडीत दिल्यात. पण पोरगी बापाकडे आली की निवळेल. पोटच्या पोरीसमोर माणूस हात उगारत नाही.”

हेत्वीसमोरच हात उगारला गेला होता, हे बचूभाई बोलले होते; वशरामभाईंनाही माहीत असणार. मला विचारायचं होतं. मी एक गाठिया उचलून खाल्ला.

चैत्रातल्या तारखेला ऊन इतकं होतं की टपरीवर बसवेना. मी कोर्टाच्या व्हरांड्यात गेलो, सावलीसाठी, असं स्वतःला सांगून. तिथे बाकावर रसीला बसली होती. केसांत पांढऱ्या बटा आल्या होत्या. उजव्या हाताची करंगळी बाहेरच्या बाजूला वळलेली होती, सरळ होत नसावी. शेजारी लाल फ्रॉकमधली मुलगी भिंतीवरच्या ‘थुंकू नका’ पाटीवरची अक्षरं बोटाने हवेत गिरवत होती.

“आई, ‘थुंकू’वर टिंब का नाही?”

“पाटीवाल्याला विचार.”

मी मागे वळणार होतो. तिने पाहिलं.

“काका.”

ती उठून उभी राहिली. ओढणी सावरली, वाकून नमस्कार केला. मी आशीर्वादाचं काहीतरी पुटपुटलो.

“बा बरी आहे? मुक्ताबा?” तिने माझ्या बायकोची विचारपूस केली.

“बरी आहे. गुडघे दुखतात.”

“वाचनालय?”

“चाललंय.”

आतून पुकारा होत होता, तिचा नव्हता. ती माझ्या तोंडाकडे न पाहता, मुलीच्या वेणीची रिबन नीट करत म्हणाली, “मी पौषात एक पत्र टाकलं होतं, काका. तुम्हाला मिळालं नसेल.”

तिला माहीत होतं. तिने माझ्यासाठी दार उघडं ठेवलं होतं, आणि मी त्यातून निघून गेलो.

“नाही गं,” मी म्हणालो. “हल्ली पोस्टाचं काही खरं नाही.”

“हो ना,” ती म्हणाली. “आमच्याकडेही उशिरा येतात.”

तेवढ्यात तिच्या वकीलबाई लगबगीने आल्या. पुढची तारीख अठरा. त्या दिवशी साक्षीपुरावा संपवायचा, साहेबांनी स्पष्ट सांगितलंय, आता मुदत नाही. रसीलाने मान डोलावली. मग मुलीला म्हणाली, “हे ओझाकाका. यांच्याकडे गावातली सगळी पुस्तकं आहेत.”

हेत्वीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “सगळी वाचलीत?”

“नाही.”

“मग काय करता?”

मी व्हरांड्याच्या पायऱ्या उतरलो, उन्हात.

घरी आलो तेव्हा मुक्ता ओसरीवर गवार मोडत बसली होती. मी चपला काढल्या, पाणी प्यालो, पुन्हा चपला घातल्या.

“कुठे निघालात? आत्ताच आलात ना?”

“कुठे नाही.”

“मग चपला कुणासाठी घातल्यात?”

मी तिच्यासमोर बसलो. “आज मी खोटं बोललो,” म्हणालो. “एका मुलीशी. तिने पत्र पाठवलं होतं, आणि मी म्हटलं—”

“वडाच्या पानावरचं,” ती म्हणाली.

मी चपला पुन्हा काढल्या.

“माघात वाचलं मी. केसांना माका लावायचा होता. बाजारवाली देते तो खरा की खोटा, ते चित्रात बघायला कोश उघडला.”

“काही बोलली नाहीस.”

“तुम्ही बोलाल म्हणून थांबले. सेहेचाळीस वर्षं तेच करतेय.” तिने शेंगेची शीर ओढून काढली. “वशरामला घाबरताय?”

“नाही. म्हणजे… थोडा. पण तेवढंच नव्हे.”

“मग?”

“तो कागद मी टाइप केलाय, मुक्ता. तिला वाचता येत नाही, असं मी लिहिलंय. मी. कोर्टात मला विचारतील, का लिहिलंत? काय सांगू, बोटांनी लिहिलं?”

“तेच सांगा.”

“हसतील.”

“हसू देत. तिचा हात मोडला तेव्हा कुणी हसलं नसेल.” तिने पुढची शेंग मोडली. मग आवाज खाली आणून म्हणाली, “तुम्ही नाही सांगितलंत तर दुसरं कोण सांगणार? टाइपरायटर?”

तिला मी शेऱ्याबद्दल सांगितलं. असेल किंवा नसेल, असं सांगितलं. तिने गवारीचं सूप बाजूला ठेवलं, गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि स्टूल आणायला गेली.

दुपारचे दोन वाजले होते. माळ्यावर उकडत होतं, आणि धुळीने माझा दम कोंडत होता. खाली स्टूल धरून मुक्ता उभी होती आणि दर दोन मिनिटांनी विचारत होती, “पडला नाहीत ना?” वह्यांचा गठ्ठा मी दोरी कापून सोडवला. हवी ती वही सर्वांत वर होती, शेवटचीच. त्यानंतर सहा महिन्यांनी डोळ्यांमुळे मी पडवीत बसणं सोडलं. तरी मी आधी खालच्या वह्या उघडल्या. का, ते सांगता येणार नाही. कदाचित वेळ काढत होतो.

त्यांच्यातही पेन्सिल होती. बारीक, फिकट. ‘गाल सुजलेला.’ ‘सारखी रडत होती, वाचून दाखवलं ते ऐकलं नसावं.’ ‘सासऱ्याने मनगट धरून अंगठा घेतला.’ ‘पोट दिसत होतं, कागदात उल्लेख नको म्हणाले.’ एका ठिकाणी नुसतंच ‘वाईट वाटलं.’ मला त्या बायका आठवेनात. अक्षर माझंच होतं. कागदावर मी त्यांना राजीखुशीच्या करून टाकलं होतं, आणि खरं काय ते माझ्या वहीत पेन्सिलीने ठेवून घेतलं होतं, जिथे ते कुणाच्या उपयोगी पडणार नव्हतं. प्रत्येक पानात मी कागदाचा एक कपटा घालत गेलो. त्या कपट्यांचं पुढे काय करायचं, मला अजूनही कळलेलं नाही. वशरामभाईंचं म्हणणं अगदीच खोटं नाही. त्यातल्या काहीजणी आता सुखी असतील, आणि कुणी त्यांचं दार ठोठावावं असं त्यांना वाटणार नाही.

“सापडलं का?” मुक्ताने विचारलं.

“थांब.”

शेवटची वही उघडली. तारीख. कौशिकची ऐटबाज सही. तिचा डावा अंगठा. आणि शेऱ्याच्या रकान्यात: ‘उजवा हात बांधलेला, दोन बोटं काळीनिळी. हिला उत्तम वाचता येतं.’

मी वही घेऊन खाली उतरलो. मुक्ताने ती खिडकीशी नेऊन चष्म्यातून वाचली, आणि पदराने वहीवरची धूळ पुसली.

“लिहिलंत की,” ती म्हणाली.

मला दोन मिनिटं हलकं वाटलं असेल. मग नवी भीती उभी राहिली. पेन्सिल आहे. वकील म्हणेल, म्हातारा काल रात्री बसून लिहितो आणि आज दाखवतो. मी वकील असतो तर हेच म्हणालो असतो. मी खोलीत येरझारा घालू लागलो. मुक्ता म्हणाली, “बसा, मला घेरी येईल.” पण बसवेना.

“खालचा हा कुणाचा एवढा मोठा ठसा?” तिने विचारलं.

“कुठला?”

“हा. केवढा अंगठा. अर्ध्या ओळीवर चढलाय.”

मी वही घेतली. त्या दिवशी रसीलाच्या मागून जीवा रबारी आला होता, वाड्याची जागा मुलाच्या नावे करायला. त्याचा अंगठा सगळ्या पडवीत प्रसिद्ध होता. बचूभाई म्हणायचे, याला स्टॅम्पपेपर नको, चादर द्या. त्याला नीट टेकवायची सवय नव्हती, दाबून घासायचा. ठसा त्याच्या रकान्यातून निसटून वरच्या ओळीत, थेट माझ्या शेऱ्यावर गेला होता. मी भिंग आणलं. ‘उत्तम’ या शब्दावर जांभळ्या शाईच्या रेषा होत्या. पेन्सिल खाली, शाई वर. पेन्सिल आधीची होती. जीवाचा कागद त्याच दिवशी, चार वाजता झालेला, आणि तो सरकारदप्तरी नोंदलेला आहे. जीवा स्वतःही अजून आहे, बकऱ्या वळतो.

मी भिंग मुक्ताला दिलं. तिने बराच वेळ पाहिलं.

“म्हणजे तुम्हाला आता सबब उरली नाही,” ती म्हणाली.

उत्तर मी हाताने लिहिलं. टाइपरायटर कोपऱ्यात झाकून ठेवलेला आहे, पण त्याच्यापुढे बसलो असतो तर बोटांनी पुन्हा पाठ असलेलं लिहिलं असतं. चार कागद फाडले. पाचव्यावर लिहिलं ते असं:

‘चि. रसीला, तुझं पत्र मला पौषातच, आठवड्याच्या आत मिळालं होतं. कोर्टाच्या व्हरांड्यात मी तुझ्याशी खोटं बोललो. तू विचारलंस त्याचं उत्तर: हो, तुझा उजवा हात मी पाहिला होता. पट्ट्या, हळदीचं फडकं आणि काळीनिळी बोटं पाहिली होती. तुला वाचता येत नाही असं मी टाइप केलं, ते खोटं आहे हे तुझ्या अंगठ्याला शाई लावताना मला माहीत होतं. तू पाणी मागितलंस, तेवढंच मी दिलं. त्या दिवसाची माझी वही आहे. तिच्या पानाची झेरॉक्स सोबत आहे. जीवा रबारीचा अंगठा शेऱ्यावर कसा आलाय ते वकीलबाईंना भिंगातून पाहायला सांग. मूळ वही मी बरोबर आणीन. वाचनालयाची जुनी नोंदवहीही आणीन, तिच्यात आठवीपासूनच्या तुझ्या सह्या आहेत, रेघेसकट. अठरा तारखेला मी साक्ष देईन. माझ्यावर काही कारवाई व्हायची असेल तर होऊ दे. मी येणार आहे. पण मी स्वतःला ओळखतो. ऐनवेळी मी आलो नाही, तर हे पत्र साहेबांपुढे ठेव आणि मला समन्स काढायला सांग. हेत्वीने विचारलं होतं, मग काय करता. तिला सांग, विचार करतोय.’

शेवटचं वाक्य खोडावं का, यावर अर्धा तास गेला. राहू दिलं.

दुसऱ्या दिवशी दहाला पोस्ट उघडलं तेव्हा मी पायरीवर होतो. खिडकीमागे वर्षाबेन. त्यांनी पत्ता वाचला.

“मोटी वावडी? काका, वीस किलोमीटर तर आहे. एवढ्यासाठी रजिस्टर कशाला? बसने जाऊन हातात द्या, तिकीट स्वस्त पडेल.”

“नको. पावती पाहिजे.”

“पोचल्याचीही?”

“पोचल्याचीही.”

त्यांनी पाकीट तराजूवर टाकलं, तिकिटं लावली, शिक्का मारला. दोनदा; पहिला पुसट उठला होता. पावती माझ्याकडे सरकवली.

“बेन,” मी विचारलं, “एकदा दिलेलं परत घेता येतं का?”

“येतं. अर्ज द्यावा लागतो. आत्ता, थैली जायच्या आधी.” त्यांनी ड्रॉवर उघडला. “फॉर्म देऊ?”

मागे एक बाई मनीऑर्डरसाठी उभी होती. तिने घसा खाकरला.

“नको,” मी म्हणालो. “नुसतं विचारलं.”

वर्षाबेननी पाकीट मागे कॅनव्हासच्या थैलीत टाकलं. मी बाजूला सरून त्या बाईला जागा दिली, पण गेलो नाही. साडेदहाला मोटी वावडीच्या बसचा माणूस आला. त्याने थैलीचं तोंड आवळलं, दोरीला गाठ मारली, खांद्यावर घेतली आणि निघून गेला. तोवर मी तिथेच उभा होतो.